ख्रिस्तप्रसादासाठी न उठलेला माणूस

वर्धा जिल्ह्यातल्या एका लहान चर्चमध्ये रविवारी सकाळी एक माणूस बाकावर बसून राहिला होता. बाकी सगळे उठून रांगेत गेले, तो उठला नाही. मला पोलीस खात्यातून निवृत्त होऊन आता बराच काळ झाला, तरी ते दृश्य माझ्या डोळ्यांपुढून हललेलं नाही. ज्यांचं हे प्रकरण आहे त्यांची नावं, गाव आणि चर्च मी लिहिणार नाही. बाकी जे झालं ते झालं तसं सांगतो.

मी तेव्हा जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. कापूस वेचणीचे दिवस होते. संध्याकाळी एक वृद्ध मजूर सायकलवर गवताचा भारा लादून घरी चालला होता. मागून आलेल्या जीपने त्याला उडवलं. वाटेने येणाऱ्या लोकांना तो उशिरा दिसला. त्यांनी त्याला सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं, पण वाटेतच प्राण गेला. मृत्यूचं कारण रक्तस्राव. लगेच नेलं असतं तर वाचला असता, असं मी म्हणत नाही. वाचण्याची शक्यता होती, एवढं मात्र नक्की.

पंचनाम्याला मी स्वतः गेलो. फुटलेल्या दिव्याच्या काचा सायकलपासून पंधरा फुटांवर होत्या, आणि त्यांच्या पुढे टायरच्या खुणा होत्या. जीप थांबली होती, थोडी मागे आली होती आणि मग निघून गेली होती. अपघात कोणाच्याही हातून होतो. थांबून, पाहून निघून जाणं मला खटकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आरोपी स्वतःच हजर झाला. गावाबाहेर कॅथलिक लोकांचं चर्च आहे, शेजारी त्यांची शाळा. तिथल्या जीपचा हा ड्रायव्हर, वय पन्नासच्या आसपास. सोबत धर्मप्रांताच्या कार्यालयातले एक वरिष्ठ धर्मगुरू होते. लोक त्यांना मोठे फादर म्हणत. ड्रायव्हरने हात जोडून सांगितलं, "माझ्याच हातून झालं जी. घाबरलो अन् पळालो."

आमचे जमादार खूश झाले. "साहेब, असे आरोपी भेटत गेले तर पेन्शनीपर्यंत काही टेन्शन नाई."

गुन्हा नोंदवला, अटक दाखवली. कलम जामीनपात्र होतं, त्यामुळे जामिनावर सोडलं. पण माझं समाधान झालं नव्हतं. म्हातारा रस्त्याच्या कोणत्या बाजूला पडला, असं मी त्याला दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा उत्तर वेगळं आलं. माझा अनुभव असा, की गुन्हा केलेला माणूस कारण खोटं सांगतो, जागा मात्र बरोबर सांगतो. याचं उलटं होतं. कारण पाठ होतं आणि जागा माहीत नव्हती.

तीनेक आठवड्यांनी त्याची बायको ठाण्यात आली. शाळेत पोषण आहार शिजवणारी, सडसडीत, बोलायला धीट बाई. जमादार चहाला जाईपर्यंत ती बाकावर थांबली आणि मग माझ्या टेबलाजवळ आली.

"साहेब, रविवारी सकाळी आमच्या चर्चमध्ये येजा."

"कशाला, ताई?"

"येजा म्हणजे समजन."

"काही सांगायचं असेल तर इथंच सांगा. जबाब लिहून घेतो."

"ह्यांनी मले बायबलवर हात ठेवून शपथ घातली हाये, कोणापाशी बोलाचं नाई म्हणून. मी काही बोलत नाई." मग डोक्यावरचा पदर नीट करत म्हणाली, "पण पाहाले कोणाले मनाई नाई ना जी?"

मी साध्या कपड्यांत गेलो आणि शेवटच्या बाकावर बसलो. चर्चमधली उपासना मी पहिल्यांदाच पाहत होतो. त्याला ते मिस्सा म्हणतात. वेदीवर गावचे फादर होते, पस्तिशीतला सडपातळ माणूस. गाणी हा ड्रायव्हरच सुरू करत होता. आवाज खणखणीत होता, लोक त्याच्या मागून गात होते. मग ख्रिस्तप्रसादाची, म्हणजे फादरांच्या हातून पवित्र भाकर घेण्याची वेळ आली. लोक बाकाबाकाने उठले, हात जोडून रांगेने पुढे गेले. ड्रायव्हरची बायको गेली, मुली गेल्या. तो बसून राहिला, मान खाली घालून. फादर सगळ्यांना प्रसाद देत होते, पण त्यांची नजर त्या बाकाकडे एकदाही गेली नाही. एवढ्या लहान चर्चमध्ये एका बाकाकडे न पाहणं ठरवल्याशिवाय जमत नाही.

शेजारी पुलगावच्या डेपोतून निवृत्त झालेले एक आजोबा बसले होते. त्यांना मी हळूच विचारलं, "हे काऊन नाही गेले?"

"मनावर मोठं पाप असलं तर प्रसाद घेत नाई आम्ही. आधी फादरपाशी पापाची कबुली द्या लागते. मंग चालते."

"मग कबुली देत का नाहीत?"

"तेच तर समजून नाई राह्यलं. चाळीस वर्षांपासून पाहतो, हा माणूस कधी बसला नव्हता. अपघात झाला तं झाला, त्याचं काय पाप? पोलिसाईले सांगून मोकळा झाला ना?"

परतताना जीपमध्ये मी हाच विचार करत होतो. अपघाताचं पाप असतं तर तो फादरांकडे गेला असता, कबुली दिली असती आणि रांगेत उभा राहिला असता. तो फादरांकडे जात नव्हता. म्हणजे मनावर जे होतं ते अपघाताचं नव्हतं, आणि ते फादरांना सांगण्यात अर्थ नव्हता. कारण ते फादरांना आधीच माहीत असणार.

सोमवारी ड्रायव्हरला बोलावलं, जमादार सोबत बसले. दार लावलं, पंखा सुरू केला, पाणी दिलं. आवाज चढवला नाही. आवाज चढवल्याने घाबरट माणूस बोलतो, घाबरट नसलेला गप्प होतो. हा दुसऱ्या जातीचा होता.

"भाऊ, अपघात म्हणजे पाप का?"

"नाई जी. मुद्दाम थोडंच करते कोणी."

"मग काल प्रसाद का घेतला नाही?"

जमादार मध्येच म्हणाले, "अरे, साहेब तुह्या मिस्साले आलते. आता लपवून काय करतं?"

मग तो म्हणाला, "साहेब, तुमाले खोटं सांगितलं ते सांगितलं. त्याच्यापुढं खोटं घेऊन कसा जाऊ?"

"म्हणजे ठाण्यात खोटं चालते, अन् तिथं नाई?" जमादार.

"इथं तं सारेच बोलते जी," तो इतक्या सरळपणे म्हणाला की जमादारांनाही हसू आवरेना. तोही क्षणभर हसला आणि मग रडायला लागला.

मी त्याला आधी स्पष्ट सांगितलं, की पोलिसांना खोटी माहिती दिल्याबद्दल तुमच्यावरही कारवाई होऊ शकते. तो म्हणाला, "होऊ द्या." मग सगळं सांगितलं. जीप गावचे फादर स्वतः चालवत होते. मीटिंगहून एकटेच परतत होते. धडक बसल्यावर थांबले, उतरले, म्हाताऱ्याला हलताना पाहिलं आणि घाबरून निघून गेले. त्यांनी मोठ्या फादरांना फोन केला. मोठे फादर सकाळी ड्रायव्हरच्या घरी आले.

"काय म्हणाले ते?"

"म्हणाले, फादर जेलात गेले तं चर्चचं नाव जाईन, शाळा बंद पडन, आपल्या लोकाईकडे बोट दाखवतीन. म्हणाले, देवानं तुले निवडलं हाये. हे त्याचीच इच्छा समज."

"आणि तुम्ही मानलं?"

"चर्चले देव चालवते, हे लहानपणापासून शिकलो जी. मंग मोठे फादर बोलले म्हणजे देवच बोलला, असं वाटलं. घरी गुडघ्यावर बसून प्रार्थना केली. इकडं आलो, सही केली. पण रविवारी मिस्सात पाय उठेनात. चार रविवार झाले. देवाचीच इच्छा असती, तं त्यानं मले आपल्यापासून अडवलं काऊन असतं?"

हा प्रश्न जबाबात बसत नव्हता, तरी मी तो लिहून घेतला.

नुसत्या सांगण्यावर खटला उभा राहत नाही. त्या संध्याकाळी तो कुठे होता, हे शोधलं. मेहुणीच्या मुलीचं पुलगावला साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होतं. मोबाईलचं लोकेशन तेच दाखवत होतं. फोटो पाहायला जमादारांना घेऊन मी त्याच्या घरी गेलो. एका फोटोत हा पंगतीत वांग्याची भाजी वाढताना स्पष्ट दिसत होता, आणि फोटोवरची वेळ अपघाताचीच होती.

त्याच्या बायकोने चहा ठेवला. आता नवऱ्याने शपथेतून मोकळं केलं होतं, त्यामुळे ती भरभरून बोलत होती. मी मनातलं विचारून टाकलं.

"ताई, चर्चला देव वाट दाखवतो म्हणता. मग वाट दाखवणारेच असं कसं वागतात?"

"तुमी देव मानता का साहेब?"

"बायको दर चतुर्थीला केळझरच्या गणपतीला जाते. मी गाडी लावून बाहेर उभा राहतो."

"म्हणजे अर्धे मानता," ती हसली. "देव वाट दाखवते जी, कान धरून ओढत नाई नेत. फादरलेई नाई, मलेई नाई. अन् नळ गंजला म्हणून कोणी धरणाले शिव्या देते का?"

"पण गंजलेल्या नळाचं पाणी घरात लालच येतं, ताई."

"मंग त्याच्याचसाठी तं तुमाले बोलावलं! नळ बदला म्हटलं. पाणी पिणं सोडा, असं कोणी म्हटलं?"

जमादारांनी तिथेच माझ्याकडे पाहून मान हलवली. बाहेर आल्यावर म्हणाले, "साहेब, ह्या बाईले सरकारी वकील करा लागत होतं."

मोठे फादर वकील घेऊन ठाण्यात आले. बोलणं सौम्य, कपडे स्वच्छ. "हा आमच्या धर्मप्रांताचा अंतर्गत विषय आहे. आम्ही चौकशी करू, शिक्षाही करू."

मी म्हणालो, "चौकशी अवश्य करा, फादर. पण रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा आहे, आणि मेलेला माणूस तुमच्या धर्मप्रांतातला नव्हता."

गावच्या फादरांना अटक झाली. ड्रायव्हरने न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर जबाब दिला आणि सरकारी वकिलांनी त्याला साक्षीदार ठेवलं. मोठ्या फादरांवर खोटा आरोपी उभा केल्याचं कलम लावलं. दोषारोपपत्र गेलं. वकिलाच्या सल्ल्याने दोघांनीही गुन्हा नाकबूल केला.

खरी परीक्षा त्यानंतर होती. पन्नासेक घरांच्या त्या समाजाने नवरा-बायकोशी बोलणं सोडलं. ड्रायव्हरची नोकरी गेली. बायकोला शाळेच्या स्वयंपाकाला येऊ नको म्हणाले. कोणी तोंडावर म्हणे, "आपल्याच फादरले धरून देल्लं, जुदास कुठचे." जुदास म्हणजे येशूला धरून देणारा त्याचाच शिष्य. दुसऱ्या ख्रिस्ती पंथाचे लोक घरी येऊन 'आमच्याकडे या' म्हणाले. हे दोघं दर रविवारी त्याच चर्चमध्ये जात राहिले. नवे फादर आले होते. पहिल्याच आठवड्यात ड्रायव्हरने त्यांच्याकडे कबुली दिली आणि रविवारी रांगेत उभा राहिला. हे मी पाहिलेलं नाही, चर्चमधल्या त्या आजोबांनी फोनवर सांगितलं.

साक्षीच्या दिवशी मी कोर्टात होतो. बचावाचे वकील हुशार होते. त्यांनी विचारलं, "चर्चला देवाचं मार्गदर्शन असतं, यावर तुमचा विश्वास आहे?"

"आहे."

"मग तुमच्या म्हणण्याप्रमाणे वरिष्ठ धर्मगुरूंनी सांगितलेलं तुम्ही नंतर बदललं. म्हणजे देव चुकला, की तुम्ही आज खोटं बोलता आहात?"

मला वाटलं, माणूस अडकला.

"देव नाई चुकला जी," तो म्हणाला. "फादर चुकले. मोठे फादर चुकले. त्याच्यानंतर मी चुकलो. देवानं आम्हा तिघाईलेही सांगितलं असन. मले उशिरा आयकू आलं."

न्यायाधीशांनी ते त्याच्याच शब्दांत नोंदवायला सांगितलं.

जेवणाच्या सुट्टीत गावचे फादर व्हरांड्यात एका टोकाला एकटे बसले होते. मोठे फादर वकिलासोबत निघून गेले होते. ड्रायव्हरची बायको पिशवी घेऊन सरळ त्यांच्याकडे गेली. मी सावध झालो. कोर्टाच्या आवारात साक्षीदार आणि आरोपी जवळ आले की भांडण तरी होतं, नाहीतर तडजोड.

"जय येशू, फादर. जेवले का?"

त्यांनी नाही अशी मान हलवली.

"मंग या इकडं. भाकर अन् वांग्याची भाजी हाये. हे बी उपाशीच हायेत."

तिघं एका डब्यातून जेवले. फादर भाकरीचा एकच तुकडा मोडत बसले होते. तिने त्यांच्यापुढे पाणी सरकवलं आणि म्हणाली, "साक्ष खरी हाये फादर, ते काही बदलणार नाई. तुमच्यासाठी रोज प्रार्थना करतो, तेबी बदलणार नाई. खा."

पुढच्या तारखेला गावच्या फादरांनी गुन्हा कबूल केला आणि शिक्षा भोगली. ते त्या डब्यामुळे झालं असं मी म्हणणार नाही. पुराव्यापलीकडे बोलायची मला सवय नाही. मोठे फादर पुराव्याअभावी सुटले. तेही खरं आहे, म्हणून लिहितो.

नोकरीत मी दोन प्रकारची माणसं पाहिली. आपल्या माणसावर प्रेम आहे म्हणून त्याचा गुन्हा झाकणारी, आणि गुन्हा उघड झाला की त्या माणसासकट सगळं सोडून देणारी. तपासाला पहिली अडथळा आणतात, दुसरी रागाच्या भरात वाढवून साक्ष देतात. हे दोघं नवरा-बायको दोन्हींत बसत नव्हते. त्यांनी ज्याच्याविरुद्ध साक्ष दिली, त्यालाच त्याच दुपारी जेवू घातलं, आणि यातली एक गोष्ट दुसरीसाठी सोडली नाही. देव कोणाला कसं मार्गदर्शन करतो, हे मला आजही माहीत नाही. पण ज्यांना ते मिळालं असेल ती माणसं कशी वागत असतील, हे मी एकदा कोर्टाच्या व्हरांड्यात पाहिलं आहे.