दोन बोटं आखूड दस्ता

लग्न होऊन झाशीला आले तेव्हा बंदुकीतलं मला एवढंच कळत होतं की दसऱ्याला तिची पूजा होते. सासरचं घराणं शिपायांचं. पूर्वज देशावरून लढायला आले आणि इथलेच झाले. सत्तावनच्या गदरानंतर इंग्रजांनी घरातली हत्यारं काढून नेली म्हणतात, आणि तेव्हापासून घरात हत्यारांचं कौतुक जरा जास्तच. माझ्या वेळेपर्यंत सगळे पुरुष रेल्वेत नाहीतर कचेरीत चिकटले होते, तरी ओसरीच्या भिंतीवर वाघाच्या शिकारीची एक अवजड दोननळी बंदूक टांगलेली असे आणि आल्यागेल्याला तिची कहाणी ऐकवल्याशिवाय सोडत नसत.

टहरौलीजवळ आमचं शेत होतं, बटाईने म्हणजे अर्ध्या वाट्याने कसायला दिलेलं. थंडीत त्यात हरभरा असे. रानडुकरांपासून तो राखायला मामंजी, म्हणजे माझे सासरे, तिथं जाऊन राहत आणि स्वयंपाकाला मला बरोबर नेत. खरं सांगते, ते दिवस मला माहेरपणासारखे वाटत. तिथं डोक्यावरचा पदर घसरला तरी कुणी खाकरत नसे. संध्याकाळी मामंजी बांधावर बसून मला पाखरांची नावं सांगत. एरवी शहरात सासूबाईंच्या नजरेखाली कणीक मळताना माझं अर्धं मन टहरौलीत असे.

मग मामंजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, ते काही वठलं नाही. त्यांचा नेम गेला आणि डुकरांचं फावलं. पाठोपाठ दोन पिकं गेली. आमच्या ह्यांना रक्त बघितलं की घेरी येई, आणि धाकटे दीर बोलण्यात तलवारबहाद्दर. शेताला गरौठ्याचं एक गिऱ्हाईक त्यांनीच शोधून आणलं. ठरलं असं की यंदाचा हरभराही गेला तर होळीनंतर शेत विकून टाकायचं. मामंजी ऐकून घेत होते. शेत गेलं तर माझं टहरौलीही जाणार होतं, म्हणून मी दाराआडून म्हणाले, "मला शिकवा. मी राखते."

त्या काळी शिकारीवर आजच्यासारखी बंदी नव्हती, पिकाच्या राखणीला परवाना मिळे. अडचण परवान्याची नव्हतीच. सासूबाई म्हणाल्या, "हेच बाकी होतं." दीर मात्र खुशीत आले. मामंजी बाहेर गेलेले पाहून त्यांनी भिंतीवरची ती बंदूक उतरवली, मला परसात नेलं आणि म्हणाले, "भाभी, घराण्याची बंदूक आहे, तिच्यावरच हात बसवा." मी चाप ओढला आणि तुळशीजवळ उताणी पडले. खांदा काळानिळा झाला. दीर पोट धरून हसत होते. त्यांच्यावरचा तो राग मी बरीच वर्षं जपून ठेवला.

मामंजी आले, त्यांनी खांद्यावर आंबेहळदीचा लेप लावायला सांगितला. खांदा जरा बरा झाल्यावर मला बडा बाजारातल्या बंदुकांच्या दुकानात घेऊन गेले. "बहूजी के लिए?" दुकानदाराने दोनदा विचारलं. मी वांगी निवडावीत तशी एकेक बंदूक उचलून पाहिली आणि सगळ्यांत हलकी होती ती बाजूला काढली. मामंजी हसले. "सूनबाई, उचलायला हलकी ती मारायला भारी. गोळीचा जोर तेवढाच राहतो, मग तो तुझ्या खांद्यावर येतो. बंदुकीला थोडं वजन पाहिजे आणि काडतूस नेमस्त." मग त्यांनी माझ्या कोपरापासून बोटापर्यंत हात ताणून मोजला, दुकानातल्या सगळ्या दस्त्यांना लावून पाहिला. सगळे दस्ते पुरुषांच्या मापाचे. लांब दस्ता खांद्याच्या खोबणीत बसत नाही, दंडावर येतो आणि तिथंच हाड फोडतो, हे त्यांनी दुकानदाराला हिंदीत आणि मला मराठीत समजावलं. आम्ही रिकाम्या हाताने परतलो.

घरी येऊन त्यांनी पलंगाखालून मेणकापडात गुंडाळलेली एक रायफल काढली. दोनशे पंचाहत्तर बोअरची, सडपातळ, दस्ता हाताच्या घामाने काळा पडलेला. दसऱ्याला हिला कुंकवाचं बोट मिळे, पण सगळ्यांत शेवटी. मी विचारलं, ही कुणाची?

"माझी. आयुष्यभर मी हीच चालवली," मामंजी म्हणाले. "मागे फारशी मारत नाही आणि डुकराला पुरून उरते. ती भिंतीवरची पाहुण्यांसाठी आहे. तिचा धक्का मलाही सोसत नाही, पण घरात सांगणार कुणाला?"

मला इतकं हसू आलं की दुखरा खांदा ठणकला.

दुसऱ्या दिवशी सुतार आला. मामंजींनी दस्त्यावर स्वतः पेन्सिलीने रेघ ओढली, दोन बोटं आत. सुताराने करवत हातात घेतली आणि थांबला. "दाऊजी, सोच लो. कटने के बाद जुड़ेगा नहीं." मामंजी म्हणाले, "काटो." तुकडा भुश्शात पडला, तो त्यांनी बंबात घालायला सांगितला. कापलेल्या जागी सुताराने जुन्या टायरचं रबर बसवलं. मी रायफल खांद्याला लावली आणि पहिल्यांदाच ती माझ्या अंगाला लागून बसली. मामंजींनी सवयीने ती हातात घेतली, नेम धरला, तर त्यांचा अंगठा थेट नाकावर आला. ते उंच होते. त्यांनी रायफल खाली ठेवली आणि हातपाय धुवायला गेले.

स्वयंपाकघरात सासूबाई पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "डोळा दुसऱ्यांदा कापून घेऊ म्हणत होते. एवढ्या एका बंदुकीसाठी. आता ती त्यांना कधीच होणार नाही. कळलं ना?"

तोवर कळलं नव्हतं. मला रडू कोसळलं आणि भीतीही वाटली. आता मी कच्ची निघाले तर शेत जाणार होतं, आणि त्यांची रायफलही फुकट गेल्यासारखीच होती.

आणि मी कच्चीच होते. टहरौलीला टेकडीच्या पोटाशी मडकं ठेवून सराव करताना प्रत्येक गोळी खाली जाई. मामंजी काडतूस स्वतः भरून रायफल माझ्या हातात देऊ लागले. एकदा मी चाप ओढला तर नुसता 'टक्' आवाज झाला. काडतूस त्यांनी घातलंच नव्हतं, आणि तरीही माझे डोळे मिटले होते, खांदा आकसला होता, नळी वीतभर खाली गेली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"दिराची ती बंदूक अजून खांद्यावर घेऊन बसलीयस," ते म्हणाले. "उतरव तिला. फुरसतीनं उतरव, आपल्याला घाई नाही."

घाई होती, घाटे भरत आले होते. पण ते रोज तसंच करत राहिले, कधी भरलेली देत, कधी रिकामी, आणि मला कळू देत नसत. चिडले तर ते एकदाही नाहीत. हळूहळू रिकाम्या रायफलीची नळी जागची हलेनाशी झाली, आणि मग मडकीही फुटायला लागली.

एका पहाटे बटाईदाराने येऊन हाक मारली. नाल्याच्या बाजूने डुकरं आली होती. आम्ही दगडी बांधाआड बसलो. मामंजींना त्या उजेडात काहीच दिसत नव्हतं. मी कुजबुजत त्यांना सांगत होते, मोठा आहे, तोंड आमच्याकडे आहे. "थांब," ते म्हणाले. "आडवा होऊ दे." तो घाटे ओरबाडत वळला, आडवा झाला. मी नळीच्या टोकावरची नेमाची माशी त्याच्या पुढच्या पायाच्या वर टेकवली आणि चाप ओढला. डुक्कर थोडं धावलं आणि हरभऱ्यात कोसळलं. बाकीची नाल्यात पळाली.

"मर गओ, बहूजू," बटाईदार जवळ जाऊन ओरडला.

मामंजींनी विचारलं, "खांदा दुखला का?"

मला आठवेचना. धक्का बसलाच असणार, पण मला जाणवलाच नव्हता. तसं सांगितल्यावर त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. मीही मग लाज बाळगली नाही.

त्या वर्षी हरभरा घरात आला. तरी होळीनंतर गरौठ्याचे लोक बैठकीत येऊन बसलेच, दिरांनी त्यांना नको म्हणून कळवलंच नव्हतं. दर चांगला होता. आमचे हे आणि दीर दोघेही मामंजींच्या तोंडाकडे पाहत होते. मी चहा ठेवायला आत वळले होते.

"राखण सूनबाई करते," मामंजी म्हणाले. "तिला विचारा."

भाजीत मीठ किती पडलं याशिवाय त्या घरात मला तोवर कुणी काही विचारलं नव्हतं. माझा आवाज मलाच लांबून आल्यासारखा वाटला. "नाही विकायचं," मी म्हणाले, आणि सवयीने पुन्हा आत निघाले.

"चहा दुसरं कुणी करील," मामंजी म्हणाले. त्यांनी आपल्या शेजारच्या सतरंजीवरची सुरकुती हाताने साफ केली. "तू बस."

मी बसले.