छतावरचं सोलर आणि कूलरच्या टाकीतलं पाणी

उन्हाळ्यात मी नोकरीवरून घरी आले की चप्पल काढायच्या आधी कूलरच्या टाकीत हात घालून पाहते. ही सवय मला दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात लागली. त्या महिन्यात आईला ऊन लागलं होतं आणि तेही घरात बसल्या बसल्या. शेजारच्या काकूंनी फोन केला तेव्हा मी ऑफिसात होते. येऊन पाहते तर आई जमिनीवर पडलेली, अंग तापलेलं, डोळे अर्धे उघडे. दवाखान्यात दोन सलाईन लागल्या. डॉक्टर म्हणाले, "यांना दुपारी थंड जागेत ठेवा. पुन्हा असं झालं तर सांगता येत नाही." घरात कूलर होता. सकाळी काठोकाठ पाणी भरून मीच गेले होते. आईनं तो लावलाच नव्हता.

"मीटर पळते न वं," ती म्हणाली. एवढंच.

आईनं धरमपेठेत वीस वर्षं घरकाम केलं. चार बंगल्यांची धुणीभांडी आणि उन्हाळ्यात त्यांच्या कूलरमध्ये पाणी भरणं. खस बदलायची, जाळ्या धुवायच्या, पाइप लावून टाकी भरायची. त्या गारव्यात ती उभी राहायची ती फक्त फरशी पुसण्यापुरती. त्या पैशातून तिनं शहराबाहेर हा प्लॉट घेतला, दोन खोल्या बांधल्या आणि मला शिकवलं. आमच्या घरात, वडिलांकडून धरा की आईकडून, बी.कॉम. झालेली मी पहिली. हे मी सांगते तेव्हा लोक हसतात, की आजकाल बी.कॉम.चं काय कौतुक. ज्यांच्या घरात आजोबापासून सगळे शिकले त्यांना नसेल. आम्हाला आहे.

दवाखान्यातून आल्यावर मी रोज फोन करून विचारायची, कूलर चालू आहे का? "चालू हाये न!" संध्याकाळी येऊन पाहावं तर कूलर खरंच फिरत असायचा. पण टाकीतलं पाणी सकाळी भरलं तेवढंच. दिवसभर चाललेला कूलर मे महिन्यात टाकी रिकामी करतो. ही बाई माझ्या स्कुटीचा आवाज ऐकून बटण दाबायची. मी हे बोलून दाखवलं, तर दुसऱ्या दिवसापासून पाणी कमी दिसायला लागलं. मला बरं वाटलं. आठवडाभरानं लक्षात आलं की मागच्या दारातला मोगरा भर उन्हाळ्यात अगदी हिरवागार झालाय. ती बादल्या भरभरून कूलरचं पाणी त्याला घालत होती.

त्या रात्री आमचं भांडण झालं. "तुला काही झालं तर मी काय करू?" असं मी म्हटलं आणि रडले. तीही रडली. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोगऱ्याला पाणी.

म्हणून मी सोलर लावायचं ठरवलं. बिलाचा आकडाच नाहीसा केला तर ती कशाला घाबरेल, असा माझा हिशेब. केंद्राच्या योजनेची माहिती मी स्वतः काढली. आमच्या दोन खोल्यांना दोन किलोवॅट पुरे, त्याला साठ हजारांची सबसिडी. आधी आपण खर्च करायचा, सगळं बसून तपासणी झाली की पैसे ग्राहकाच्या खात्यात येतात. उरलेल्यासाठी बँकेनं कर्ज दिलं. मीटर आईच्या नावावर, म्हणून अर्ज तिच्याच नावानं, बँक खातंही तिचंच. फॉर्म भरायला मी कोणाचीही मदत घेतली नाही, आणि ऑफिसात चार जणींना ते सांगितलंही.

बसवायला आला तो चाळिशीतला माणूस, कळमेश्वरचा. आधी तिकडच्याच एका कारखान्यात वायरिंगचं काम करायचा. दोन दिवसांत त्यानं छतावर चार पाट्या उभ्या केल्या आणि जाताना इन्व्हर्टरशेजारचा खटका खाली पाडून म्हणाला, "मॅडम, वीज ऑफिसातून नेट मीटर येऊन लागेपर्यंत हा वर करायचा नाही. इथं सही करा." कागदावरही तेच लिहिलं होतं. मी वाचलं. ज्या घरात आजीपर्यंत सगळ्यांनी अंगठेच उठवले त्या घरातली मी, वाचल्याशिवाय सही करत नाही. वाचलं, सही केली आणि विसरले.

नेट मीटर काही येईना. "स्टॉक आला की कळवतो" असं उत्तर मिळायचं. तेवढ्यात पुढच्या वर्षीचा चौदा एप्रिल आला.

आमच्या वस्तीत जयंतीचा दिवस म्हणजे वर्षातला सर्वांत मोठा दिवस. नवी गाडी असो, नवं दुकान असो, सुरुवात त्याच दिवशी. आई पहाटे उठून पांढरी साडी नेसली. कठड्याला निळी लायटिंग आदल्या रात्रीच लावून झाली होती. वंदना झाल्यावर ती इन्व्हर्टरपाशी जाऊन उभी राहिली.

"आज चालू नाही करत तं मंग कधी करतं वं?"

"आई, तो भाऊ नाही म्हणून गेला न. मीटर यायचं आहे."

"मीटर येईन तवा येईन. आज दिवस कोणता हाये?"

मी विचार केला, होऊन होऊन काय होईल? वीज वाया जाईल, एवढंच. बी.कॉम.चा दिमाग तेवढाच चालला. खटका मीच वर केला. इन्व्हर्टरवर हिरवा दिवा लागला, आईनं हात जोडले. रात्री निळी लायटिंग लागली तेव्हा ती साऱ्या गल्लीला सांगत होती, "हे आमच्या उन्हावर चालून राहिलं." रात्री सोलर चालत नाही, हे मी त्या दिवशी तिला सांगितलं नाही.

आणि एकदा जयंतीला सुरू केलेलं बंद कोण करणार? खटका वरच राहिला.

मे महिन्यात बिल आलं. नेहमी हजाराच्या आत येणारं बिल अडीच हजारांच्या वर. मला वाटलं दुसऱ्याचं आहे. नाव आईचंच होतं.

"हेच का तुह्यं सोलर?" आईनं बिल माझ्यापुढे धरलं. "मी कूलर लावत नाही, टीव्ही लावत नाही, तरी एवढं? विकून टाक त्या काचा."

त्या दिवसापासून तिनं मी घरी असतानाही कूलर बंद करायला सुरुवात केली. बाहेर पंचेचाळीस. छताला हात लावला तर चटका बसायचा. तिचा चेहरा पुन्हा मागच्या वर्षीसारखा लाल दिसायला लागला. मी त्या कळमेश्वरच्या माणसाला फोन लावून नको ते बोलले. फसवलं, लुटलं, तक्रार करते. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, खटका वर आहे का?"

मी फोन कानाला धरूनच इन्व्हर्टरपाशी गेले. खटका वरच होता.

"उद्या दुपारी येतो," तो म्हणाला.

आला तो भर बाराला, डोक्याला दुपट्टा गुंडाळून. आईनं पाण्याचा तांब्या दिला. तो म्हणाला, "मावशी, खटका कोणी वर केला?"

आई म्हणाली, "मीच सांगतलं होतं. चौदा एप्रिल होता न भाऊ."

मला वाटलं आता हा मला सुनावणार, की सही करून दिली होती, वाचता येत नाही का. त्याचा हक्कच होता. पण तो हसला. "बरोबर आहे मावशी. आमच्या गावात एकानं तर त्या दिवशी पाट्या बसायच्या आधीच पेढे वाटले." मग माझ्याकडे न बघता तो आईलाच घेऊन मीटरपाशी गेला.

"हा लाल दिवा पाहा. लुकलुक करून राहिला न? जेवढा जोरात लुकलुकते तेवढं बिल. आता घरात काय काय चालू आहे?"

"काहीच नाही. फ्रीज."

"तरी पाहा किती जोरात पळून राहिला. आता कूलर लावा. पंखे लावा. इस्त्री आहे? इस्त्री लावा."

आई माझ्याकडे बघायला लागली. मी आत जाऊन सगळं लावलं, मोटरही सुरू केली. बाहेर आले तर आई मीटरला नाक लावून उभी. लाल दिवा एकदा लागायचा, मग थांबायचा, थांबायचा, मग पुन्हा एकदा.

"काहून बाप्पा?" आई म्हणाली. "हे तं उलटंच काम हाये!"

"उलटंच आहे. तुमचं जुनं मीटर अडाणी आहे, मावशी. वीज आत आली का बाहेर गेली, त्याले समजत नाही. त्याच्यातून वीज कुठूनही कुठी गेली की आकडा वाढवते. तुम्ही कूलर बंद ठेवला, तं तुमच्या छतावरची वीज बाहेर गेली. तिचंच बिल तुम्हाले आलं."

"बाहेर म्हणजे कुठी?"

"तारेवर. तिथून जवळच्या घरात." त्यानं कोपऱ्यावरच्या दुमजली घराकडे हात केला. तिथं तीन एसी आहेत.

आई त्या घराकडे पाहत राहिली. मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "म्हणजे मी इथं गरम्यात मरून राहिली न त्याहिचा एसी चालवून राहिली?"

"तसंच समजा."

"वीस वर्ष लोकाहिचे कूलर भरले, आता घरी बसून बी तेच?"

आम्ही तिघंही हसलो. आईच्या डोळ्यांत मात्र हसू नव्हतं. ती आत गेली आणि कूलरसमोर खुर्ची ओढून बसली.

त्यानं खटका खाली पाडला, त्यावर पट्टी चिकटवली आणि माझ्याकडून चहाशिवाय काही घेतलं नाही. जास्तीचं बिल आम्ही भरलं. चूक आमची होती. नेट मीटरसाठी तोच वीज ऑफिसात दोनदा जाऊन आला, आणि जून लागायच्या आत मीटर बसलं. मी फोनवर त्याची माफी मागितली, तर म्हणाला, "ऊन डोक्यात जाते, मॅडम." आयटीआय झालेल्या त्या माणसानं एका दिव्यानं आईला जे समजावलं ते मला वर्षभर भांडून जमलं नव्हतं. त्याचे उपकार मी विसरत नाही.

सबसिडीचा मेसेज आला तेव्हा आईनं तो मला दोनदा वाचायला लावला. आमच्या कर्जातच ते पैसे जायचे होते, तिला ते माहीत होतं. तरी विचारलं, "माह्या नावानं आले न?" तुझ्याच नावानं आले, म्हटलं.

पण एक गोष्ट मला टोचत होती. नवं मीटर अडाणी नव्हतं. आता बाहेर गेलेली वीज आपल्या नावावर जमा होते, म्हणजे कूलर बंद ठेवला तर खरोखरच फायदा. हे तिला सांगितलं नसतं तर चाललं असतं. पण जिनं मला शिकवलं तिला शिकलेल्या मुलीनं अर्धंच सांगायचं, हे मला जमेना. एका सकाळी टाकी भरता भरता सांगून टाकलं.

ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हणजे आता बंद ठेवला तं जमा होते?"

"होते."

तिनं मेथीची पुढची जुडी ओढली. मी ऑफिसला गेले, पण दिवसभर माझं लक्ष नव्हतं. आकडे दोनदा चुकले. फोन केला नाही. केला असता तर "चालू हाये न" हेच ऐकलं असतं.

संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशीच स्कुटी बंद केली आणि ढकलत आणली. दारातूनच कूलरचा आवाज येत होता. आत आई आणि शेजारच्या तीन बाया, सगळ्या धरमपेठेतल्या जुन्या कामवाल्या, पाय पसरून बसलेल्या. वाळ्याचा वास घरभर.

"आली का? सरक वं, हवा अडवू नको," आई म्हणाली.

"आई, सकाळी मी सांगितलं ते..."

"समजलं मले. आधी आम्ही घेऊ. उरली तं जाऊ दे तारेवर."

मी टाकीत हात घातला. तळाशी चार बोटं पाणी. तरी खात्री करायला मागच्या दारी गेले. मोगऱ्याची कुंडी कोरडी ठाक होती, पानं मान टाकून लोंबत होती. मी तांब्याभर पाणी आणलं आणि आधी त्याला घातलं.