घाला अजून निर्बंध!

हे सांगायचं मी अनेक वर्षं टाळलं. आज बागेतल्या कट्ट्यावर अण्णा वर्तमानपत्र झटकून म्हणाले, "घाला अजून निर्बंध! कळू दे त्या देशाला." साऱ्यांनी माना डोलावल्या. मला वैताग आला. देशाला म्हणजे कुणाला, हो? राज्यकर्त्यांच्या घरी कधी काही कमी पडलंय का?

पण पूर्वी मीही तेच म्हणायचो. आमच्याकडे भाड्याने राहणारी इराणी विद्यार्थिनी नर्गिस एकदा म्हणाली, "काका, औषधांवर बंदी नाही, पण निर्बंधांच्या भीतीने बँका व्यवहारच करत नाहीत. आईचं इंजेक्शन तिकडे मिळत नाही."

"मग तुमच्या सरकारला जाब विचारा," मी म्हणालो.

तिची आई गेल्याचं मला शेजाऱ्यांकडून कळलं. विमानतळावर तिला मीच सोडलं. माफी मागायची म्हणून वाटभर शब्द जुळवले होते. ती उतरताना विचारलं, "पासपोर्ट घेतलास ना?"