रिकाम्या मात्रा

राजुऱ्याला आमच्या घरासमोरच्या ओट्यावर बसून मी गिटार शिकत होते, तेव्हा माझ्या बाजूनं एकच माणूस होता, बाबा. नव्वदच्या दशकाचा शेवट होता, मी बारावीत होते. आईच्या मते मी शिवणकाम शिकायला हवं होतं. आणि चंद्रपूरचे माझे गिटारचे सर, जे लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचे, त्यांच्या मते मी काहीही शिकावं, फक्त गिटार नको. माझी लय पळायची. गाणं चालत सुरू व्हायचं आणि धावत संपायचं. एकदा मी गिटारलाच दोष दिला, तर सर म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं." मला असा राग आला की परतीच्या बसमध्ये राजुरा येईस्तोवर मी त्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या.

पण बाबा होते ना! कोळसा खाणीत दिवसभर ड्रिल मशीनवर काम करून यायचे, अंघोळ करून खुर्ची बरोबर माझ्यासमोर ओढायचे आणि मान डोलवायचे. अगदी तालात. शेवटी म्हणायचे, "मस्त!" दोन वर्षं मी त्या एका शब्दावर गिटार वाजवली. सर चुकतील, पण बाबांचा कान चुकणार नाही, असं मैत्रिणींनाही ठणकावून सांगायचे.

मग सरांनी माझ्या बोटांचा नाद सोडला आणि लय अंगात भिनवायला घेतली. उजव्या पायानं जमिनीवर ठोका द्यायचा, तो कशासाठीही थांबवायचा नाही. त्यानंतर आल्या रिकाम्या मात्रा. "चार मात्रा वाजव, चार मात्रा चूप," सर म्हणाले. "हात तारेले न लावता वर-खाली फिरूनच राह्यला पाहिजे. आवाज बंद झाला तरी आंगातली लय बंद नाई झाली पाहिजे." घरी मी पाय हलवू लागले की आई ओरडायची, बसून पाय हलवणं चांगलं नसतं म्हणून.

एका संध्याकाळी मी हट्टाला पेटले. चार मात्रा कशाला, अख्खं कडवं गप्प राहून दाखवते! मुखडा वाजवला आणि थांबले. हात तारांवरून नुसता फिरत होता, पाय चालू होता, गाणं फक्त माझ्या डोक्यात होतं. एरवी माझी नजर डाव्या हाताच्या बोटांना चिकटलेली असायची. आज बोटांना काम नव्हतं, म्हणून मी वर पाहिलं.

बाबा मान डोलवत होते.

आधी वाटलं, माझी थट्टा करताहेत. मी हसलेसुद्धा. पण ते माझ्या तोंडाकडे पाहतच नव्हते. त्यांची नजर माझ्या पायावर होती. मी पाय थांबवला. त्यांची मान थांबली. मग वर पाहून, अगदी समाधानानं म्हणाले, "वा! आज तं लयच गोड वाजवलं बेटा."

गिटार ठेवून मी दारात गेले. तिथं आई तांदूळ निवडत बसली होती. "आई, बाबाले..." मी कुजबुजले.

"हळू कायले बोलून राह्यली?" आई नेहमीच्या आवाजात म्हणाली. बाबा चार पावलांवर, आमच्याकडे पाठ करून बसलेले. "त्यायले ऐकू येत नाई. वरडलं तं थोडं समजते, नाई तं तोंडाकडे पाह्यते. मशीनच्या आवाजानं गेले कान."

बाबांनी मान वळवली नाही. ते मोठ्यानं बोलतात, टीव्ही मोठा लावतात, यावरून मी कितीदा चिडले होते.

"मले काऊन नाई सांगितलं?" मी चिडून विचारलं.

"त्यायनंच मना केलं. म्हणे, पोरीले ऐकणारा मीच एक आहो. तिले समजलं तं वाजवणं सोडून देईन."

मी चौकट धरून उभी राहिले. दोन वर्षांत त्यांनी माझा एक सूरही ऐकला नव्हता! मला त्यांचा राग आला, माझा आला, आणि त्या रागाचं काय करावं ते कळेना. बाहेरून बाबांनी हाक मारली, "थांबली काऊन? वाजव ना!"

मी गेले आणि वाजवलं. कोणतं गाणं, ते मला त्याच क्षणी विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं. डाव्या हाताकडे मी एकदाही पाहिलं नाही. पाय चुकू नये, एवढंच बघत होते.