नूतनच्या हातचे डबे

नूतनचं कौतुक करणाऱ्यांची त्या गावात काही कमी नाही. पाचोऱ्याहून रिक्षाने वीस मिनिटांवरचं गाव, आणि तिथले बावीस जण फौजेत. दर चैत्रात या बावीस जणांना, ते डोंगरावर असोत की वाळवंटात, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आत घरचा डबा पोचतो. डब्यात बिबडे, तिखट शेव, केळीचे वेफर, काळ्या मसाल्याची पुडी आणि दाण्याचे लाडू. माजी सरपंच भाईदासभाऊ डब्यांसोबत फोटो काढून घेतात, तो पेपरात येतो. फोटोत नूतन कधी नसते, कारण तेव्हा ती मागच्या अंगणात पातेली घासत असते. कौतुक मात्र सगळे करतात हो. कौतुकाला काय लागतं?

कामाचं विचारा. बिबडे म्हणजे पोळपाटावर पापड लाटणं नव्हे. ज्वारी भिजवायची, भरडायची, तीळ-लसूण-मिरची घालून चुलीवर भल्या मोठ्या पातेल्यात शिजवायची, आणि गरमगरम असतानाच, हाताला चटके बसत असताना, ओल्या धोतरावर एकेक बिबडा थापायचा. शेजारणी येतात, ढवळू लागतात, सरपण पुढे सारतात. पण थापायला कुणी बसत नाही. डबा मांजरपाटात घालून दाभणाने शिवायलाही कुणी बसत नाही. ते नूतननेच करायचं. तसा नवसच आहे.

आता तो नवसही ऐका. पाच वर्षांमागची गोष्ट. नूतनचा नवरा हितेंद्र फौजेत हवालदार, आणि तेव्हा तो पार वर बर्फात होता. अकरा दिवस त्याचा फोन नाही. टीव्हीवर रोज नवं भलतंसलतं. सासू इंदिराबाई, जिला सगळं गाव अक्का म्हणतं, तिने तर अन्नच सोडलं होतं. श्रावण होता, घरात कानबाई बसली होती. अक्काने देवीसमोर नूतनच्या हातात नारळ दिला आणि म्हणाली, बोल. नूतन बोलली. ह्यांना सुखरूप ठेव माय, ह्यांची पेन्शन होईस्तोवर गावातल्या एकूणएक जवानाला दरसाल माझ्या हातचा डबा देईन. घाबरलेलं माणूस बोलताना पुढचा विचार करतं का? जे तोंडाला आलं ते बोलून मोकळी झाली बिचारी.

दुसऱ्या दिवशी फोन आला. तिकडचा टॉवर बंद पडला होता, एवढंच. पण ते ऐकतो कोण? श्रेय देवीला गेलं आणि डबे नूतनच्या गळ्यात पडले. तेव्हापासून फाल्गुन-चैत्रात तिला माहेर नाही. फैजपूरला सख्ख्या भावाच्या लग्नात ती हळदीला गेली आणि अक्षता पडल्या तशी परतली, कारण ज्वारी भिजत पडली होती. एका वर्षी अंगात ताप असताना थापायला बसली. अक्का शेजारी बसून तिच्या कपाळावर ओला फडका ठेवत होती, डोळ्यांतून पाणी काढत होती, पण ऊठ म्हणाली नाही.

नूतनने कधी तक्रार केली नाही. तिचं सगळं लक्ष एकाच गोष्टीकडे लागलं होतं. वर डोंगरात वर्षं काढली की पलटण कधीतरी खाली शहरात येते, आणि तिथे बायकापोरांसाठी क्वार्टर मिळतं. दोन-तीन वर्षं का होईना, आपलं स्वतःचं घर. लग्नाला नऊ वर्षं झाली, पण या नवराबायकोने एका छपराखाली सलग तीन महिने काही काढले नव्हते. सहा वर्षांची दिपमाला बापाला ओळखायची ती मोबाईलमुळे. म्हणून नूतन दर फोनला विचारायची, पलटण कधी उतरणार? तो म्हणायचा, उतरेल, अजून वरच आहे. डब्यावर पत्ता लिहायची तो नुसता फौजी टपालाचा, ‘मार्फत ५६ एपीओ’. त्यावरून माणूस कुठे आहे ते कुणाच्या बापाला कळायचं नाही.

यंदा डबे भरून झाले होते. ओसरीत बसून नूतन एकेक शिवत होती, अक्का बिबड्यांच्या मध्ये कागद घालून देत होती. तेवढ्यात सारिका आली. सारिका गावचीच लेक, धुळ्याला देवपुरात दिलेली. तिचा नवरा प्रेमराज हितेंद्रच्याच पलटणीत. आखाजीला माहेरी यायला जमणार नाही म्हणून ती आधीच भेटून जायला आली होती. का जमणार नाही, तर जबलपूरला निघाली होती. क्वार्टर मिळालं. पलटण उतरून चार महिने झाले.

"तुम्ही येत नाही म्हणे?" सारिका सहज बोलून गेली. "हितेंद्रदादा तर सांगत होते, नूतनला डबे सोडवत नाहीत."

नूतनने अक्काकडे पाहिलं. अक्काने मान वर केली नाही. कागदाची घडी घालत राहिली, उलगडत राहिली, परत घालत राहिली. तेव्हा नूतन काय ते समजली. आणि सारिकासमोर लाज वाटली म्हणून म्हणा की काय, चक्क हसून म्हणाली, हो ना, डबे आहेत ना. वर तिला चहा केला, एक लाडूही दिला.

सारिका गेल्यावर ती मोबाईल घेऊन मागच्या अंगणात गेली. हितेंद्रने आधी इकडचं तिकडचं केलं, मग कबूल झाला. आई फोनवर रडली म्हणाला. नूतन गेली की डबे बंद पडतील, नवस मोडेल असं तिचं म्हणणं, आणि मला दोन वर्षांनी पुन्हा वर जायचंच आहे. मग हळूच म्हणाला, "वर पोस्टवर उभा असतो ना, तेव्हा मी मनाशी एवढंच धरून असतो. घरी नूतनचा डबा चालू आहे."

नूतन फोनवरच कडाडली.

"अहो, नवस माझ्या हातचा आहे ना? हात काय इथे ठेवून येणार होते मी? तिकडे ज्वारी मिळत नाही का? ऊन पडत नाही?"

इतकी साधी गोष्ट चार महिन्यांत ना मायला सुचली होती ना लेकाला. देवीने नूतनचे हात मागितले होते, इंदिराबाईचं अंगण नव्हे.

"क्वार्टर मी लिहून सोडलं," तो म्हणाला. "फॅमिली येणार नाही म्हणून. आता नंबर लागायला दीड-दोन वर्षं."

"आणि मग?"

"मग वर."

तिने फोन बंद केला. ओसरीत येऊन पुन्हा शिवायला बसली. संध्याकाळपर्यंत एकवीस डबे शिवून झाले आणि भिंतीला ओळीने लागले. बाविसावा हितेंद्रचा. तो तिने बाजूला सरकवला आणि अक्काला सांगितलं की, ह्यांचा डबा मी शिवणार नाही.

अक्का भांडली नाही. तिने स्वतःच दाभण उचललं, सुतळी ओवली, मांजरपाटाला एक टाकाही घातला. मग तिचा हात थांबला. त्या श्रावणात जसा चेहरा झाला होता, अगदी तसाच झाला. टाका उसवून तिने डबा नूतनपुढे ठेवला.

"तूच शिव, माय. मन्हा हातनं चालाव नही."

मोडू दे मोडायचा तर, असं नूतनच्या अगदी ओठांवर आलं होतं. म्हणाली असती तर कोण काय करणार होतं तिला? पण दोन वर्षांनी तो वर जाणार होता. तिथे फोन लागला नाही, एक दिवस, चार दिवस, अकरा दिवस, तर? तेव्हा हा न शिवलेला डबा घेऊन ती कुठे जाणार होती? अक्का तर म्हातारी, तिचा विश्वास होता म्हणून ती घाबरत होती. नूतनचा तितकासा विश्वासही नव्हता, आणि तरी ती घाबरली.

तिने डबा मांडीवर ओढला आणि शिवला. दरवर्षीसारखाच, जवळजवळ टाके घालून. वाटेत उसवायला नको म्हणून शेवटची गाठ दोनदा ओढून पाहिली.