बाही एकोणीस सेंटिमीटर

संदेशचा फोन सकाळी सात चाळीसला आला. मी मुलुंडला माझ्या गॅलरीत पेपर वाचत होते. "मावशी, आई गेली. पहाटे," एवढंच तो म्हणाला आणि मग पत्ता सांगू लागला, जणू बोरिवलीचं त्यांचं घर मला माहीतच नव्हतं. मी तो पेपरच्या कडेला लिहूनही घेतला. दैनिकाच्या डेस्कवर एकतीस वर्षं काढल्यावर हात आपोआप लिहितो. संदेशची आई म्हणजे मंगल परब, माझी मैत्रीण. वय अडुसष्ट. कारण, मेंदूतली गाठ. हे त्याने फोन ठेवता ठेवता सांगितलं, तेव्हा मी पहिल्यांदा ऐकलं.

मंगल पूर्वी आमच्याच सोसायटीत, समोरच्या इमारतीत राहायची. वडील मालवणहून येऊन गिरणीत लागलेले. ती स्वतः एका विमा कार्यालयात टायपिस्ट म्हणून लागली आणि तिथूनच निवृत्त झाली. गुरुवार माझा साप्ताहिक सुट्टीचा वार. त्या दिवशी दुपारी तीन वाजता आम्ही तिघी तिच्या हॉलमध्ये जमायचो: ती, शाळेतून निवृत्त झालेली नलिनी घरत आणि मी. विणकाम, क्रोशा, भरतकाम, जिचं जे चालू असेल ते घेऊन. नियम एकच होता आणि तो मंगलने घातला होता. पूर्ण झालेली वस्तू आणायची नाही. "झालेलं काय बघायचं गं त्यात?" ती म्हणायची. "तुम्ही 'छान, छान' म्हणणार आणि विषय संपला. अर्धवट आणा. म्हणजे पुढे काय, ते विचारता येतं." त्याप्रमाणे प्रत्येकीने आपलं अर्धवट काम टीपॉयवर ठेवायचं आणि बाकीच्या दोघींनी विचारायचं, "पुढे काय?" उत्तर द्यावंच लागे. गळ्यापर्यंत आणते. किनार सुरू करते. चुकलंय, उसवते. उसवते हेही उत्तर चालायचं. नलिनीचा क्रोशाचा टेबलक्लॉथ सात वर्षं चालला आणि तेवढ्यात तिचं टेबलच मोडीत गेलं. "आता आधी टेबल घे," मंगल म्हणाली, "नाहीतर हा नेसवणार कुणाला?" मी उशीच्या अभ्र्यावर पोपट भरत होते. त्याला तीन वर्षं चोच नव्हती. "उपाशी मरेल गं तुझा पोपट," हे मी किती गुरुवार ऐकलं, त्याची नोंद माझ्याकडे नाही.

मंगल माझ्यासाठी स्वेटर विणत होती. मुंबईत स्वेटर कशाला, असं कुणीही विचारेल. आमच्या न्यूजरूममधला एसी इतका गार असायचा, की मी बारा महिने खांद्यावर शाल घेऊन बातम्या तपासायचे. हे ऐकून तिने बाटलीच्या रंगाची हिरवी लोकर आणली आणि पूर्ण बाह्यांचा स्वेटर सुरू केला. मधे तिच्या नातवाचं झबलं आलं, नवऱ्याचं आजारपण आलं, आणि स्वेटर मागे पडत राहिला. मी निवृत्त झाले तेव्हा त्याची पाठ आणि पुढचा भाग झाला होता, बाह्या नव्हत्या. "तुझी नोकरी संपली गो, माझो स्वेटर नाय," ती म्हणाली. मी म्हटलं, आता राहू दे, एसी गेला. त्यावर तिने सुया खाली न ठेवता सांगितलं, "मुंबयत थंडी पडतली कधीतरी."

नवरा गेल्यावर, दोन वर्षांपूर्वी, ती बोरिवलीला मुलाकडे राहायला गेली. मुलुंडहून बोरिवली नकाशावर जवळ दिसतं, पण मधे डोंगर आहे. वळसा घालून, बस बदलून जायचं म्हणजे अर्धा दिवस. मग नलिनीने व्हॉट्सअ‍ॅपवर 'गुरुवार' नावाचा ग्रुप केला. तीन वाजता प्रत्येकीने आपल्या कामाचा फोटो टाकायचा. त्यात स्टीलची पट्टी ठेवायची कल्पना माझी. आमच्या डेस्कवर बातमी कॉलम-सेंटिमीटरमध्ये मोजत. प्रगतीही मोजली पाहिजे, असं माझं म्हणणं. मी तीन पट्ट्या विकत घेऊन दोघींना पाठवल्या आणि आकडे भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत लिहू लागले. पहिली बाही पूर्ण. दुसरी बाही चार. साडेसात. अकरा. सोळा. एकोणीस.

पुढच्या गुरुवारी पुन्हा एकोणीस. तिसऱ्या गुरुवारीही तेच. मी फोटो मोठा करून पाहिला. पट्टी त्याच कोनात होती. कोपऱ्यात चहाच्या कपाचा कान दिसत होता, तोही तिथेच, आणि बशीतलं बिस्किट त्याच बाजूने खाल्लेलं. डेस्कवर जुना फोटो नवा म्हणून आला तर तो पकडणं हे माझं काम होतं आणि त्यात मी चांगली होते. मी ग्रुपवर लिहिलं, "हा फोटो दोन आठवड्यांपूर्वीचा आहे. पट्टी, कप, बिस्किट, सगळं तेच. परब, खुलासा करा." नलिनीने हसण्याची चित्रं टाकली. बऱ्याच वेळाने मंगलचं उत्तर आलं. "पकडलंस. तुका चूक दिसतलीच गो, पेपरवाली."

त्यानंतर तिने फोटो टाकला नाही. लोकर संपली, असं तिने कळवलं. मी घाटकोपरला दुकानात जाऊन त्याच रंगाच्या दोन लड्या शोधल्या आणि कुरियरने पाठवल्या. "मिळाली," एवढंच उत्तर आलं. मग चष्म्याचा नंबर वाढला. मग नातवाची परीक्षा. मी तिच्याकडे गेले ते यानंतर महिन्याभराने, न कळवता. ती खिडकीजवळच्या खुर्चीत होती, मांडीवर ओढणी पसरलेली, उजवा हात ओढणीखाली. "अगं, फोन तरी करायचा, केस तरी विंचरले असते," असं म्हणाली. आम्ही नलिनीच्या नव्या टेबलावर बोललो. ते गोल निघालं होतं आणि टेबलक्लॉथ चौकोनी. मंगल इतकी हसली, की तिला ठसका लागला. चहा सुनेने, तेजश्रीने आणला. मंगलने कप डाव्या हाताने उचलला. ते मला दिसलं. निघताना मी एवढंच म्हटलं, "एकोणीसवर किती दिवस बसणार आहेस?" ती म्हणाली, "बघू..." ती दारापर्यंत आली नाही. पूर्वी जिन्यापर्यंत यायची.

बाराव्या दिवसानंतर तेजश्रीने मला बोलावून एक कापडी पिशवी दिली. आत हिरवा स्वेटर होता. पाठ, पुढचा भाग आणि एक बाही जोडलेली. दुसरी बाही सुईवर. माझ्या दोन्ही लड्या कागदी पट्ट्यांसकट तशाच होत्या, आणि तिची जुनी लोकरही दीड गुंडा शिल्लक होती. लोकर संपलीच नव्हती. सुईपासून गुंड्यापर्यंतचा धागा मात्र कुरळा झाला होता. विणून उसवलेली लोकर कुरळी होते. एकदा उसवली तर वाफ देऊन सरळ करता येते. ही पुन्हा पुन्हा उसवलेली होती, पिंजारून पातळ पडलेली.

"उजव्या हाताची बोटं आधी गेली," तेजश्री म्हणाली. "डॉक्टरांकडे जायच्या कितीतरी आधी. आई रोज दुपारी घेऊन बसायच्या. एक ओळ व्हायची, ती वाकडी यायची, की माझ्याकडून उसवून घ्यायच्या आणि टाके पुन्हा सुईवर चढवायला लावायच्या. मी म्हटलं, मला शिकवा, मी विणते आणि फोटो टाकते. तर म्हणाल्या, नको गं, तिला कळेल."

मी तिला विचारलं, मला का सांगितलं नाही. तेजश्री म्हणाली, "त्यांनी शपथ घातली होती, मावशी. म्हणायच्या, गुरुवार आहे तोवर गुरुवारसारखा राहू दे. पण तुमचा तो मेसेज आला ना, खुलाशाचा, त्या दिवशी मोबाईल माझ्याकडे देऊन म्हणाल्या, हिला कप दिसतो बघ." हे सांगताना तिचा सूर तक्रारीचा नव्हता. ते नोंदवणं आवश्यक आहे. मंगलचा तेव्हा काय होता, हे मला कधीच कळणार नाही.

माझ्याकडे आकडे होते. एकोणीस, एकोणीस, एकोणीस. आकडा थांबला हे मला कळलं होतं. का थांबला, हे मी विचारायला हवं होतं, आणि आमच्यात त्यासाठी दोन शब्द होतेच. ते मी त्या तीन गुरुवारी एकदाही लिहिले नाहीत. मी खुलासा मागितला.

नलिनी म्हणाली, "दे इकडे, आठ दिवसांत पुरी करते बाही." ती करेलही, तिचा हात सफाईचा आहे. मी दिली नाही. स्वेटर माझ्या लिहिण्याच्या खुर्चीच्या पाठीवर आहे, एक बाही लोंबती, दुसरी सुईवर. टाके मी मोजले, चौपन्न आहेत. कुरळ्या धाग्याची लांबी मात्र मोजली नाही.

ग्रुप चालू आहे. पिशवी मिळाल्यानंतरच्या गुरुवारी तीन वाजता मी बाही टीपॉयवर पसरली, शेजारी पट्टी ठेवली आणि फोटो टाकला. नलिनीने रीतीप्रमाणे विचारलं, "पुढे काय?" पुढच्या गुरुवारी मी तोच फोटो पुन्हा टाकला. पट्टी तिथेच, सुई तिथेच, कोपऱ्यात माझ्या चष्म्याची काडी, तीही तिथेच. नलिनीने तो पाहिला. चाळीस वर्षं तिने मुलांच्या वह्या तपासल्या आहेत, तिला कळलं नसेल असं नाही. हा जुना फोटो आहे, असं तिने लिहिलं नाही.

तिने विचारलं, "पुढे काय?"