तिसऱ्या अंकातली लापशी

त्या सकाळी मॉस्कोत थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठत होती. अकुलिनामावशी जुन्या नाटकातलं राजाचं सिंहासन फोडून चुलीत सारत होती. वर कुट्टूच्या दाण्यांची लापशी रटरटत होती. बाई आमच्या थिएटरातलं सामान सांभाळायची, पण तिचा खरा मान लापशीमुळे. पूर्वीच्या दिग्दर्शकांना रंगमंचावर सगळं खरं लागायचं. दार खरं, चहाचा समोवार खरा, म्हणून तिसऱ्या अंकातलं व्यापाऱ्याचं जेवणही खरं. धान्य सरकारी कोठारातून यायचं. शहरात उपासमार, आणि आठ नटांना दिवसाकाठी पोटभर मिळायचं ते एवढंच. दुसऱ्या अंकात मेलेली पात्रंसुद्धा तिसऱ्यात पाहुणे म्हणून पानावर हजर असायची.

मग नवे दिग्दर्शक आले, इनोकेंती ल्वोविच. त्यांनी पडदा उतरवला, भिंती काढल्या आणि मधोमध दोन शिड्या उभ्या केल्या.

"बिऱ्हाड हलवताय का साहेब?" मावशीनं विचारलं.

"खऱ्याची नक्कल संपली, मावशी. वाडगं नको, चमचा नको. व्यापारी हवा जेवेल."

"आणि ढेकर कसली देईल?"

व्यापाऱ्याचं काम करणारा म्हातारा पोर्फिरी कळवळून म्हणाला, "उपाशीपोटी अभिनय होत नाही हो."

"उपाशी शरीर जास्त बोलकं असतं," साहेब म्हणाले. त्यांना स्वतःला प्राध्यापकांचं वाढीव रेशन होतं.

धान्यकचेरीचा अधिकारी तालीम बघून लापशीचा निकाल देणार होता. हवेतलं जेवण त्याला पटलं, तर धान्य बंद; पटलं नाही, तर चालू. नटांनी गुपचूप ठरवलं, घास असा खायचा की बघणाऱ्याला तो साफ खोटा वाटावा. मावशीनंही मान डोलावली.

दुपारी तालीम लागली. पोर्फिरीनं न दिसणारं वाडगं टोपीसारखं धरलं. साहेब किंचाळले. अधिकाऱ्यानं जांभई दिली. सगळं छान बिघडत होतं. आणि मावशीला राहवेना. ती तरातरा रंगमंचावर चढली.

"अरे मेल्या, गरम वाडगं असं धरतात होय? हाताची सालटी निघतील!" तिनं बाही तळव्यावर ओढली, बोटांच्या टोकांवर वाडगं तोललं. कडेकडेनं फुंकर घातली, कडेचीच निवलेली लापशी उचलली, तरी जीभ पोळली. तोंड उघडं ठेवून तिनं वाफ बाहेर सोडली.

अधिकारी पुढे झुकला. "लोणी घातलंय का हो?" त्यानं विचारलं.

मग भानावर येऊन कागदावर लिहिलं: जेवण उत्तम दिसते. धान्याची आवश्यकता नाही.

नाटक गाजलं. दिग्दर्शकांच्या त्या नव्या पद्धतीवर वर्तमानपत्रांत रकानेच्या रकाने आले. साहेबांनी नाव दिलेली 'उष्ण वस्तूची शून्य पकड' शिकायला लांबलांबचे नट आले. मावशीचं नाव कुणी छापलं नाही.

"तोंड आवरायला काय झालं होतं गं तुला?" पोर्फिरी म्हणाला. त्याच्या पट्ट्याला तिसरं नवं भोक पडलं होतं.

"माझ्या देखत वाडगं तसं धरायचं नव्हतंस."

"मग आता वाढ की तुझी ती शून्य पकड! आठ जण बसलोत."

"पोटाचं गेलं, पायांचं तरी बघते," मावशी म्हणाली. नटांच्या फाटक्या बुटांचा ढीग पुढ्यात ओढून तिनं दाभणात सुतळी ओवली आणि पहिला बूट शिवायला घेतला.